सहाव्या गाण्यातली गळती

अल्बम शुक्रवारी आला आणि सोमवारी दुपारपर्यंत निकालीसाहेबांच्या वहीत एकोणचाळीस तक्रारींची नोंद झाली होती. त्यांतली एकही त्यांच्याकडे कोणी केलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

निकालीसाहेब हे नाव ऑफिसने ठेवलेलं. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात ते सव्वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसत होते, आणि आलेली तक्रार सात दिवसांत निकाली निघालीच पाहिजे या नियमावर त्यांची देवापेक्षा थोडी जास्तच श्रद्धा होती. पाणी येत नाही, पाणी गढूळ येतं, पाणी येतं पण शेजाऱ्याकडे जास्त येतं. प्रत्येकाला आवक क्रमांक आणि प्रत्येकाला उत्तर. पाणी येईच असं नाही, पण उत्तर यायचं. त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरातला नळ मात्र चौदा वर्षं गळत होता. बायकोने विषय काढला की साहेब पेपरमागून "रविवारी बघू" म्हणायचे. हे ते इतक्यांदा म्हणाले होते, की आपण असं काही म्हणतो हे त्यांना ऐकूच येईनासं झालं होतं.

अल्बम त्यांच्या मुलीचा. तिला घरात बारकी म्हणत. थोरली कोणी नसताना ही बारकी कशी, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं आणि त्याबद्दल कोणाची लेखी तक्रारही नव्हती, म्हणून ते तसंच चालू राहिलं. बारकी आणि तिचे तीन मित्र यांचा बँड होता, "उद्या सुट्टी" नावाचा. साहेबांचा आक्षेप इथूनच सुरू होई, कारण सुट्टी जाहीर करण्याचे अधिकार कोणाला असतात याचे नियम त्यांना पाठ होते. अल्बमचं नाव "ओली फरशी". नऊ गाणी. पाठीशी मोठी कंपनी वगैरे नाही. चौघांनीच लिहिली, चौघांनीच वाजवली, आणि साहेब ऑफिसात असताना बरीचशी त्यांच्याच घरात रेकॉर्ड केली.

बारकीने लॅबमधली चांगली नोकरी सोडली तेव्हा साहेब आठ महिने तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते. आता त्यांना बोलायचं होतं, पण एवढ्या दिवसांनी सुरुवात कुठून करायची हे कळत नव्हतं. आपण कुठेतरी तिच्या उपयोगी पडलो, तर बोलणं आपोआप सुरू होईल, असा त्यांचा अंदाज होता. अल्बम आला त्याच दिवशी ती दुसऱ्या गावी कार्यक्रमांना निघून गेली, आणि साहेब घरातल्या घरात येरझाऱ्या घालत उपयोगी पडायची संधी शोधू लागले.

ती संधी लोकांनी दिली. पहिलं परीक्षण एका पेपरातल्या ज्येष्ठ समीक्षकांचं. त्यांनी पाचांपैकी अडीच तारे दिले आणि लिहिलं, "हा अल्बम नाचायला आला आहे की रडायला, हे त्याचं त्यालाच ठरवता आलेलं नाही." दुसऱ्या एका वेबसाइटने चार तारे दिले आणि लिहिलं, "नाचू की रडू हे न ठरवणं, हेच या अल्बमचं बळ आहे." साहेब चक्रावले. एकाच नळाबद्दल एकाने पाणी येतं म्हटलं आणि दुसऱ्याने येत नाही म्हटलं, तर खातं माणूस पाठवून पाहणी करतं. इथे पाहणीला कोणाला पाठवणार?

वरच्या मजल्यावरचे गणिताचे सर निवृत्त होते आणि कुठल्याही संकटात सरासरी काढून देत. "सव्वातीन," ते जिन्यातच म्हणाले. "सव्वातीन वाईट नाही. पण दोन आकड्यांतलं अंतर जास्त आहे, त्याची मला काळजी वाटते." खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर आख्खा अल्बम ऐकला होता. "छान आहे हो. शांत आहे अगदी. आणि मध्येमध्ये गातेसुद्धा ती." साहेबांनी हेही वहीत लिहून घेतलं.

खरी गर्दी श्रोत्यांची होती. "चौथं गाणं संपतच नाही." "आवाज गोड आहे, पण तोंडात काहीतरी धरून गातेय असं वाटतं." "पाचव्या गाण्यावर आमचं बाळ झोपतं." ही तारीफ की तक्रार ते न कळल्याने साहेबांनी समोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं, आणि बाळाचं वय कळवलेलं नाही, असा शेरा मारला. "तिसरं गाणं ऐकता ऐकता माझी बस चुकली." आणि या कोणालाही कोणी उत्तर देत नव्हतं. एकोणचाळीस माणसं आपापलं म्हणणं मांडून ताटकळत उभी आहेत आणि खिडकीवर कोणीच नाही, हे दृश्य त्यांना बघवेना. त्यांनी दुपारचा चहा अर्धा सोडला.

घरात एक जुना टॅब होता. त्यावर बँडचं खातं उघडं राहिलेलं होतं. सोमवारी संध्याकाळी साहेब कपडेही न बदलता तो घेऊन बसले आणि एका बोटाने कामाला लागले.

"आपला अभिप्राय क्र. १४ प्राप्त झाला. चौथे गाणे लांब असल्याची आपली तक्रार रास्त आहे. सदर गाणे चार मिनिटे पन्नास सेकंदांचे असून अखेरच्या सव्वा मिनिटात तेच ते म्हटले असल्याचे पाहणीत आढळले. संबंधितांना समज देण्यात येत आहे. करिता, उद्या सुट्टी."

"आपली बस चुकल्याबद्दल दिलगीर आहोत. तथापि थांब्यावर उभे असताना गाणे ऐकण्याची जबाबदारी सर्वस्वी श्रोत्याची राहील."

एकोणचाळीस उत्तरं संपवून ते उठले तेव्हा त्यांना हलकं वाटत होतं. बायको वाचनालयातून आलेली पुस्तकं लावत होती. "बारकीला विचारलंत का?" ती म्हणाली.

"विचारायचंय काय त्यात? काम झाल्यावर कळवू."

मंगळवारी सकाळी तक्रारी दीडशे झाल्या, बुधवारी चारशे. अल्बम साफ बुडाला अशी साहेबांची खात्री झाली. लोकांना उत्तरांची गंमत वाटतेय आणि ते मुद्दाम तक्रारी करताहेत, ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही, कारण तक्रार कोणी हौसेने करतं हे त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. एकाने कळवलं की आठवं गाणं ऐकून जुनी मैत्रीण आठवली, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. साहेबांनी बराच विचार करून लिहिलं, "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. तरी भरपूर पाणी प्यावे." या उत्तराखाली दोन हजार लोकांनी अंगठे उमटवले. इतके लोक पाणी कमी पितात हे पाहून साहेबांना खात्याची काळजी वाटली. ऑफिसात त्यांच्या टेबलावरच्या खऱ्या तक्रारी सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच एकावर एक साचू लागल्या होत्या.

आणि त्यातच सहाव्या गाण्याचं प्रकरण वर आलं. अकरा जणांचं म्हणणं एकच. "गाण्यामागे सतत काहीतरी टपकतं." एकाने तर लिहिलं होतं की माझ्याच घरात गळतंय असं वाटून मी तीन वेळा उठून सगळे नळ बघून आलो. गळती म्हणजे साहेबांचं घरचं मैदान. त्यांनी कानाला हेडफोन लावला, गाणं बाजूला सारलं आणि फक्त थेंब ऐकले. दोन थेंब लगोलग, मग जरा थांबून एक जड. पुन्हा दोन लगोलग, पुन्हा एक जड. साहेबांनी हेडफोन काढला. हा नळ त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांच्या मागच्याच भिंतीपलीकडे, या क्षणीही, तेच करत होता.

त्यांना घाम फुटला. तक्रार विभागाच्या प्रमुखाच्या न्हाणीघरातली गळती आता जगभर वाजत होती, आणि खात्यातलं कोणीही ती फुकटात ऐकू शकत होतं. गाण्याचं नाव "रविवारी बघू" होतं, पण त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. बँडचंच नाव तसलं म्हटल्यावर गाणं सुट्टीबद्दल असणार, असं त्यांनी धरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चक्क गुरुवारी, त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून प्लंबरला बोलावलं. प्लंबर ऑफिसच्या ओळखीतला.

"साहेब, तुमच्या घरी गळती?"

"हळू बोल."

प्लंबरने नळाची चावी दोनदा फिरवून पाहिली. "किती वर्षं झाली?"

"थोडी झाली."

"यात वायसर नाही राहिला, साहेब. वायसरची नुसती आठवण राहिलीय. आख्खा नळच बदला."

नळ निघाला, त्याबरोबर दोन फरश्या निघाल्या, आणि फरश्यांमागून जे पाणी निघालं ते बंद करायला आख्ख्या इमारतीचा व्हॉल्व्ह दोन तास बंद ठेवावा लागला. गणिताचे सर त्या वेळी अंगाला साबण लावून उभे होते. ते तत्त्वाचे माणूस. त्यांनी टॉवेल गुंडाळूनच कागद घेतला, पाणीपुरवठा खात्याला लेखी तक्रार लिहिली, अंग वाळल्यावर नेऊन दिली, आणि ती शुक्रवारी सकाळी रीतसर आवक क्रमांक घेऊन निकालीसाहेबांच्याच टेबलावर आली. साहेबांनी नियमाप्रमाणे चौकशी केली. त्यात इमारतीतल्या एका बेजबाबदार रहिवाशाचा दोष आढळला. त्यांनी त्या रहिवाशाला कडक शब्दांत समज देणारं पत्र तयार केलं, खाली सही केली, आणि मधल्या सुट्टीत पोच म्हणून दुसरीही सही केली.

पण गळती थांबली होती. नवा नळ चकचकीत होता आणि गप्प होता. गुरुवारीच त्यांनी अकराही जणांना कळवून टाकलं होतं, "सहाव्या गाण्यातील गळती कायमस्वरूपी बंद करण्यात आली आहे." शुक्रवारी बारकी येणार होती. तिला हे कसं सांगायचं याची त्यांनी घरी येताना मनात तीनदा तालीम केली.

बारकी आली ती पाठीवरची गिटारही खाली न ठेवता खोलीत उभी राहिली. "बाबा, उत्तरं तुम्ही लिहिलीत?"

"सात दिवस पुरे व्हायच्या आत," साहेब म्हणाले.

"ही नऊ गाणी करायला आम्हाला दोन वर्षं लागली. आता सगळे विचारतात, उत्तरं कोण लिहितं. त्या अडीच ताऱ्यांच्या समीक्षकांनी काय लिहिलंय वाचलंत? अल्बमपेक्षा उत्तरं सरस आहेत म्हणे." तिने श्वास घेतला. "आणि तुम्ही तक्रारी रास्त ठरवल्यात. माझ्या गाण्यांच्या. सगळ्या."

"सगळ्या नाही. पहिल्या एकोणचाळीसपैकी एकतीस. आठ फेटाळल्या."

ती तशीच वळली. तोंड धुवायला आत गेली. साहेब दाराबाहेर उभे राहिले, कारण आता ती नळ पाहणार होती. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरडाच होता.

"जुना नळ कुठे आहे?"

"बदलला," साहेब उत्साहाने म्हणाले. "अकरा तक्रारी होत्या."

"रविवारी कार्यक्रम आहे, बाबा. सहावं गाणं वाजवायचंय. मी आत बसून गायले होते, तो आवाज आणि थेंब एकातच आहेत, वेगळे काढता येत नाहीत. आज फक्त नळ रेकॉर्ड करायला आले होते मी." तिने गिटारचा पट्टा पुन्हा सारखा केला. "राहू दे." ती मैत्रिणीकडे राहायला निघून गेली. दार तिने हळूच लावलं, आणि साहेबांना ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

ते घरभर फिरू लागले. दुरुस्ती केल्यावर कोणी रागावतं, हा अनुभव त्यांना नवा होता. "चौदा वर्षं सांगत होतीस नळ दुरुस्त करा," ते बायकोवर घसरले. "केला तर ही तऱ्हा."

बायकोने पुस्तक मिटलं. "गाणं ऐकलंत का तुम्ही?"

"नऊच्या नऊ. नोंदी आहेत."

"नोंदी नका सांगू. बसा इथे." तिने फोनवर सहावं गाणं लावलं आणि साहेबांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं, कारण नाहीतर ते उभ्यानेच ऐकणार होते.

"दाराशी चप्पल माझीच एकटी,
दूध झाकलेलं, चावी गळ्यात.
कोणीच नाही, पण तू आहेस ना,
एक, दोन, आणि तिसरा बादलीत.
रविवारी बघू, म्हणाले बाबा.
रविवार, तू येऊ नको."

साहेब हलले नाहीत. ते लोकांची गळती थांबवत ऑफिसात आणि बायको वाचनालयातल्या नोकरीवर असताना, दहा वर्षांची पोर शाळेतून येऊन, कुलूप उघडून, रिकाम्या घरात नळाशी गप्पा मारत बसायची. तो दुरुस्त होऊ नये म्हणून ती त्यांच्या आळसाच्या भरवशावर राहिली होती, आणि त्या बाबतीत त्यांनी चौदा वर्षं तिला दगा दिला नव्हता. काल दिला. साहेबांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी पुन्हा एकदा गाणं लावायला सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा.

शनिवारी सकाळी आठला ते प्लंबरच्या दुकानात हजर झाले.

"गळका नळ परत द्या?" प्लंबरचा अपमान झाला होता. "वीस वर्षं हे काम करतोय. असं मागायला माझ्याकडे आजवर कोणी आलं नाही." त्याने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. पोत्यात पन्नासेक जुने नळ होते. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि एकेक नळ दुकानातल्या पाइपाला लावून ऐकायला सुरुवात केली. काही धो धो गळत, काही नुसते पाझरत, एक तर शिट्टी घालत होता. अडतिसावा लावल्यावर ते थांबले. दोन लगोलग, मग एक जड. त्यांनी तो रुमालात गुंडाळला.

घरी नेऊन बसवला तर तो गळेना. काढता-घालताना क्षार झडले होते आणि चौदा वर्षं बिघडलेला नळ ऐन वेळी सुधारला होता. इमारत जमली. तक्रार केल्याची भरपाई म्हणून गणिताचे सर स्टॉपवॉच घेऊन आले. काकूंनी सुचवलं की नळाकडे बघू नका, बघितलं की तो बुजतो. प्लंबरने पाना टाकून दिला. शेवटी कोणाच्याही नकळत साहेबांनी चावी दोन बोटांत धरली, अगदी केसभर ढिली केली आणि तिथेच धरून ठेवली. टप, टप. टप. बोटं काढली की थांबे, धरली की सुरू. "लय बरोबर आहे," सर घड्याळाकडे बघत म्हणाले. "पण तुम्हाला इथून हलता येणार नाही."

साहेबांनी दुसऱ्या हाताने बारकीला फोन लावला. "नळ सापडलाय," ते म्हणाले. "पण तो एकटा येणार नाही."

"उद्या साडेचारला या," ती म्हणाली. "ऑफिसचा शर्ट घालू नका."

त्यांच्याकडे दुसऱ्या प्रकारचा शर्ट नव्हता. रविवारी सहा वाजता निकालीसाहेब, इस्त्रीच्या शर्टात आणि अनवाणी, रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात एका स्टुलावर बसलेले होते. शेजारी पाण्याचं पिंप, पिंपाला जुना नळ, नळाखाली पत्र्याची बादली, बादलीत माइक. तिसऱ्या रांगेत अडीच ताऱ्यांचे समीक्षक वही उघडून बसले होते. पहिली पाच गाणी साहेबांना ऐकूच आली नाहीत. त्यांच्या बोटांना घाम सुटत होता आणि पाय स्टुलाखाली आपोआप हलत होता.

सहावं गाणं सुरू झालं. बारकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, फक्त मान हलवली. दोन लगोलग, एक जड. पहिलं कडवं नीट पार पडलं. दुसऱ्या कडव्यात ती "रविवारी बघू, म्हणाले बाबा" या ओळीवर आली, आणि साहेबांना समोरचं धूसर दिसू लागलं. दोन थेंब पडले. तिसरा पडेना. चावी कुठे होती, बोटं कुठे होती, त्यांना कळेना. बारकी पुढची ओळ म्हणू शकली असती. ती थांबली. वळून त्यांच्याकडे बघत, ओठ उघडे ठेवून, थांबून राहिली. मग तिसरा थेंब बादलीत पडला आणि ती म्हणाली, "रविवार, तू येऊ नको."

मंगळवारी समीक्षकांनी लिहिलं, "दुसऱ्या कडव्यात तिसरा थेंब जवळजवळ चार सेकंद उशिरा पडला. ही चूक होती की प्रयोग, ते कळलं नाही. तीन तारे."

साहेबांनी वही काढली, आवक क्रमांक टाकला आणि टॅब पुढे ओढला. बारकी समोर बसून गिटारची तार बदलत होती. "हे शेवटचं," ते तिला म्हणाले. "परवानगी असेल तर." तिने मान हलवली. त्यांनी टाइप केलं, "थेंब उशिरा पडल्याची आपली तक्रार रास्त आहे. विलंबाचे कारण," आणि अडकले. सव्वीस वर्षांत कारण सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. न्हाणीघरात नळ पुन्हा जुन्या जागी बसवला होता, आणि कोणी न धरता मनाला येईल तेव्हा एखादा थेंब टाकत होता.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"खरं काय ते."

साहेबांनी "विलंबाचे कारण" खोडलं आणि लिहिलं, "चार सेकंद नव्हे. चौदा वर्षे. कारण काही नाही." खाली "करिता, उद्या सुट्टी" लिहायचं त्यांच्याकडून राहून गेलं. बारकीने ते वाचलं, काही न बदलता पाठवून दिलं, आणि वही आपल्याकडे वळवली.

"आता निकाली ना?" तिने विचारलं.

शेवटचा रकाना निकाली दिनांकाचा होता. तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि आपल्या अक्षरात त्यात लिहिलं, "रविवारी बघू." साहेबांनी ते दोनदा वाचलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच एक तक्रार उघडी ठेवून ते चहा टाकायला उठले. दोन कप.